सुनेच्या वडिलांची बोट

सुनेनं झाकणाचं एक प्लास्टिकचं खोकं माझ्या पलंगावर आणून ठेवलं आणि जरा संकोचत म्हणाली, "आई, तुमचं सामान एवढ्यात बसवावं लागेल."

माझी सून अमेरिकन आहे. 'आई' एवढं मराठीत म्हणते, पुढचं सगळं इंग्रजीत. खोकं तसं मोठं होतं. दुकानात बघितलं असतं तर मोठंच वाटलं असतं. पण आयुष्यभराचं त्यात भरायचं म्हटल्यावर ते लहान झालं. मी आधी साड्या ठेवल्या, मग साड्या काढून देवांचा डबा ठेवला, मग पुन्हा साड्या. शेवटी लग्नातली पैठणी आणि सोलापूरची चादर यांतलं एकच राहील असं झालं, तेव्हा मी चादर ठेवली. आठ वर्षांची नात दारात उभी राहून हे सगळं बघत होती. "आजी, माझ्या बॉक्समध्ये जागा आहे," असं इंग्रजीत म्हणून तिनं पैठणी उचलली आणि दोन्ही हातांवर धरून आपल्या खोलीत घेऊन गेली.

मी सोलापूरला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. निवृत्त झाले, त्यानंतर लवकरच हे गेले आणि मुलगा म्हणाला, आता एकटी राहू नकोस. मी दोन खोल्यांचा ब्लॉक विकला आणि नॉर्थ कॅरोलायनाला, मॉरिसव्हिलला आले. मुलगा तिथं सॉफ्टवेअरमध्ये होता. सून दातांच्या दवाखान्यात काम करायची. घर इतकं मोठं की पहिले काही महिने मी भलतंच दार उघडून कपाटात शिरायची. दिवसभर घरात कुणी नसायचं, पण संध्याकाळी जवळच्या पार्कात आमचा एक बाक होता. तिथं मुलांकडे आलेल्या आया जमायच्या. साडीवर स्वेटर आणि पायात नातवंडांनी आणून दिलेले पांढरे बूट. त्यांत नागपूरच्या एक बाई होत्या, त्यांच्याशी माझं विशेष जमलं. त्या मोठ्यानं बोलायच्या, मोठ्यानं हसायच्या, आणि सगळ्यांच्या सुनांची नक्कल करायच्या. माझ्या सुनेची नक्कल मात्र त्यांना जमायची नाही, कारण ती फार कमी बोलायची.

मला तिथं येऊन दोन वर्षं झाली, त्या वसंतात सुनेचे वडील गेले. ते लांब उत्तरेला, न्यू यॉर्क राज्यात, ईरी कालव्याच्या काठावरच्या एका गावात एकटेच राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पोलादी बोट घेतली होती आणि ती अंगणात ओढून आणून आतलं सगळं स्वतः करायला घेतलं होतं. सुतारकाम, नळ, वायरी, सगळं. बोट जवळजवळ पुरी झाली आणि ते गेले. सून एकुलती एक. तिकडचं आवरायला म्हणून गेली ती महिनाभर राहून आली आणि आल्या दिवशी जेवताना म्हणाली, "घर विकता येईल. बोट विकवत नाही."

मुलगा म्हणाला, "मग राहूया ना तिच्यावर."

मला वाटलं, बायकोला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. पण दुसऱ्या दिवशी तो कालव्याचे नकाशे बघत बसला होता. तेव्हा त्याचं काम असं होतं की लॅपटॉप आणि फोन असला की कुठूनही करता यायचं. मुलीला वर्षभर घरीच शिकवू, असं दोघांनी ठरवलं. उन्हाळ्यात कालव्यावर फिरायचं आणि हिवाळ्यात कालवा बंद झाला की एका धक्क्याला बोट बांधून तिथंच राहायचं.

मला विचारलं नाही असं नाही. मागच्या पायऱ्यांवर माझ्याजवळ बसून मुलानं विचारलं. "आई, तुला नको असेल तर स्पष्ट सांग. आपण अपार्टमेंट बघू. किंवा तू थोडे दिवस मावशीकडे सोलापूरला..."

मावशी म्हणजे माझी बहीण. ती स्वतःच मुलाच्या घरी बाहेरच्या खोलीत कॉटवर झोपायची. मी म्हटलं, "मी येते."

"नक्की ना?"

"येते म्हटलं ना. मजा येईल."

हे शेवटचे दोन शब्द मी का बोलले कोण जाणे. त्याचा चेहरा असा उजळला की मग ते परत घेण्याची सोय राहिली नाही.

बाकावर सांगितलं तेव्हा नागपूरच्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, चांगलं घर सोडून बोटीत? माणसं बोटीतून घरी येतात, घरातून बोटीत कोण जातं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यांनी माझा फोन नंबर एका पिशवीच्या कोपऱ्यावर लिहून घेतला.

घर रिकामं करताना अंगणात सामान मांडून विकायची इथं पद्धत आहे. एका शनिवारी आमचं सगळं घर गवतावर आलं. जेवणाच्या टेबलाशी मी ज्या खुर्चीवर बसायची, त्या खुर्चीवर एक जाडजूड बाई बसून बघत होती. मागे रेलली, डोळे मिटले आणि नवऱ्याला म्हणाली, "फार आरामशीर आहे हो ही." नवऱ्यानं खुर्ची उचलून गाडीत टाकली. मी खिडकीतून बघत होते. खिडकीचे पडदे आदल्या दिवशीच गेले होते.

बोट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पाण्यात सोडलेली होती. हिरवा रंग, त्यावर पिवळी रेघ. रेघ अर्ध्यावर येऊन थांबली होती, कारण ती मारणारा माणूस थांबला होता. लांबीला आपल्या एस.टी.हून थोडी जास्त, रुंदीला साधारण एस.टी.एवढीच. आत एकामागोमाग सगळं. आधी स्वयंपाकाचा ओटा, मग बसायची जागा, मग न्हाणीघर, मग मुलगा-सुनेची झोपायची जागा. माझी आणि नातीची बिछान्याची फळकुटं अगदी पुढच्या टोकाला, एकमेकींसमोर, मधे एक माणूस उभं राहील एवढी वाट. सून माझ्याकडे बघत होती. तिच्या वडिलांनी केलेलं प्रत्येक कपाट ती उघडून दाखवत होती. मी म्हटलं, "छान." हा शब्द तिला येत होता. तिनं तो दोनदा म्हणून बघितला, "छान, छान," आणि डोळे पुसून घेतले.

सुरुवातीचे दिवस कामात गेले. मी सगळ्या खिडक्यांना पडदे शिवले, हातानं, कारण शिलाई मशीन खोक्यात बसलं नव्हतं. पाणी टाकीत मोजकंच असायचं. त्याचं मला काही वाटलं नाही, सोलापूरला आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. देव एका फळीवर बसवले आणि फळीला पुढून पट्टी मारून घेतली, नाहीतर लाट आली की कृष्ण ओट्यावर यायचा. फोडणीची मात्र पंचाईत होती. छताला धुराचा भोंगा लावलेला होता. मोहरी तडतडली की तो केकाटायला लागायचा आणि काठावरची माणसं वळून बघायची. मग नात पळत येऊन टॉवेल हलवायची. पुढे मी फोडणी मागच्या डेकवर, लहानशा शेगडीवर द्यायला लागले. कालव्याच्या मधोमध, उघड्यावर, हिंगाचा वास सोडत आमची बोट पुढं जायची.

बोट फार सावकाश जाते. काठावरून एखादा माणूस पळत असला तर तो पुढं निघून जातो. लॉकपोर्टला कालव्याचे मोठे दरवाजे आहेत. तिथं बोट आत घेऊन दार लावतात आणि पाणी भरून वर चढवतात किंवा सोडून खाली उतरवतात. आजूबाजूला ओल्या शेवाळलेल्या भिंती आणि आपण विहिरीच्या तळाशी. सून पुढचा दोर धरायची, मुलगा मागचा. माझं काम नुसतं बसून राहण्याचं. त्या गावाच्या पूर्वेला मग लांबवर दरवाजे नाहीत, नुसते वर उचलले जाणारे पूल. भोंगा वाजवला की पुलावरचा माणूस गाड्या थांबवतो आणि सगळा रस्ता आमच्यासाठी वर जातो. दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा, आणि मधेच एखादं गाव, चर्च, एखादं हार्डवेअरचं दुकान.

आणि सगळे हात हलवतात. पुलावरचा माणूस, गाडीत खोळंबलेली माणसं, गळ टाकून बसलेले म्हातारे, सायकलवरची मुलं. मी पुढं खुर्चीवर साडीत बसलेली असायची, त्यामुळे मला जरा जास्तच. मीही हलवायची. संध्याकाळपर्यंत हात दुखायचा. पहिल्या महिन्यात वाटलं, किती माणसं भेटतात इथं! मग हळूहळू लक्षात आलं, की दिवसभरात मी एकाही माणसाशी एक शब्द बोललेली नाही. मुलगा दिवसभर कानाला फोन लावून, नाहीतर गावाच्या लायब्ररीत इंटरनेट शोधत. सून इंजिनाशी, नाहीतर वडिलांची राहिलेली कामं पुरी करण्यात. एकदा सुरुवात केली की ती दुपारचं जेवणही विसरायची. नात आईपाशी अभ्यास झाला की पुस्तकात डोकं घालायची. मी मराठीत काही विचारलं तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तेही एका शब्दाचं. मोठ्या घरात मी एकटी असायची तेव्हा निदान संध्याकाळची वाट बघायची. इथं सगळे हाताच्या अंतरावर होते आणि वाट बघायला काही नव्हतं.

नागपूरच्या बाईंचा फोन यायचा. पण फोनला रेंज असली तर. "हॅलो, कुठे आहात? आवाज तुटतोय!" यातच निम्मा वेळ जायचा. पहिल्यांदा त्यांनी बाकावरचं सगळं सांगितलं, कोण आलं, कोण परत गेलं. मी बोटीचं सांगितलं. मग दर वेळी त्यांच्याकडे नवी माणसं असायची, जी मला माहीत नव्हती, आणि माझ्याकडे सांगायला एक पूल आणि दुसरा पूल. उन्हाळा संपता संपता त्या आपल्या मुलीकडे शिकागोला गेल्या. तिथून एकदा फोन आला, तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूवर उभं राहूनच केला होता. मागं बसचे आवाज आणि हिंदी गाणी ऐकू येत होती. "इथे तर ताजी मेथी मिळते हो!" त्या ओरडून सांगत होत्या. मी म्हटलं, वा. नंतर त्या नागपूरला परतल्या आणि फोन थांबले.

एका गावात मात्र आमचा मुक्काम लांबला, कारण इंजिनाचा एक भाग मागवला होता आणि तो येत नव्हता. धक्क्यासमोरच एक पांढरं घर होतं आणि त्याच्या ओसरीवर एक म्हातारी रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसायची. पायाशी एक जाडा कुत्रा. तिसऱ्या दिवशी तिनं मला खूण करून बोलावलं. माझं इंग्रजी शाळेतलं, आणि तिचं बोलणं तोंडातल्या तोंडात. पण जमलं. तिचा नवरा रेल्वेत होता, गेला. माझा गेला. तिला मुलगा एक, कॅलिफोर्नियात. मला एक, हा समोर बोटीच्या टपावर चढलाय तो. तिनं माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून बघितला आणि विचारलं, "हे शिवलेलं नाही? नुसतं गुंडाळलेलं? मग सुटत कसं नाही?" मी तिला निऱ्या कशा घालतात ते तिच्याच टेबलावरच्या कापडानं दाखवलं. ती इतकी हसली की कुत्रा उठून आत गेला. मी चिवडा नेला, तिनं मला तिच्या बागेतले टोमॅटो दिले. आठ-दहा संध्याकाळी मी तिथं गेले असेन. बोटीवर परत आले की नात विचारायची, "आजी, तू तिच्याशी काय बोलतेस?" खरं सांगायचं तर फार काही नाही. पण झोपाळा दोघींच्या वजनानं करकरायचा, ते मला बरं वाटायचं.

मग तो भाग आला. मुलानं सकाळी बसवला आणि लगेच बोट सोडली, पुलाची वेळ गाठायची होती म्हणून. पांढऱ्या घराचे पडदे अजून बंद होते. मी म्हणू शकले असते, थांबा जरा. म्हटलं नाही. येताना भेटूच, असं मनाला सांगितलं.

येताना भेटलोही. ऑक्टोबर संपत आला होता, थंडी मी म्हणत होती. मी मुलाची जुनी पॅंट, त्याचंच जाड जाकीट आणि कानांवरून ओढलेली लोकरीची टोपी घालून गेले. ती ओसरीवरची कुंडी आत नेत होती. मी पायरीशी उभी राहून हसले. तिनं माझ्याकडे बघितलं, छान हसली, आणि कुठल्याही वाटसरूला म्हणावं तसं म्हणाली, "हवा काय गारठलीय, नाही?" मी म्हटलं, हो ना. ती म्हणाली, "जपून जा हं," आणि कुंडी घेऊन आत गेली.

टोपी काढावी, पदराचं सांगावं, असं मनात आलं. पण जिला आपली ओळख पटली नाही तिला ती पटवून देताना मला स्वतःचीच लाज वाटली असती. सून धक्क्यावरून बघत होती. मी परत आल्यावर तिनं कॉफीचा कप माझ्या हातात दिला.

नोव्हेंबरात कालव्याचं पाणी सोडून देतात. त्याआधी आम्ही पश्चिम टोकाला टोनावांडाला पोचलो आणि नदीचं पाणी हिवाळ्यातही राहतं अशा तिथल्या एका धक्क्याला बोट बांधली. सगळ्या बोटींवर पांढरं प्लास्टिक घट्ट ताणून बसवलेलं, सगळ्यांचे मालक आपापल्या घरी. राहणारे आम्हीच. त्याच सुमाराला मुलाचं घरून करायचं काम संपलं आणि नवीन मिळालं ते अल्फारेटाला, जॉर्जियात. दर सोमवारी पहाटे तो विमानानं जायचा, गुरुवारी रात्री परत. नातीला घरी शिकवणं सुनेला झेपेना, म्हणून तिला तिथल्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात तिला मैत्रिणी मिळाल्या. पिवळी बस धक्क्याच्या फाटकाशी यायची. ती बसमध्ये चढली की सून आणि मी, दोघीच.

बाहेर बर्फ, आत भिंतींना पाणी सुटलेलं. माझ्या उशाच्या पोलादाला हात लावला तर बोटं बधिर व्हायची. शेगडीत लाकडं घालायची, राख काढायची, ओले मोजे वाळत टाकायचे. सून आणि मी एकमेकींच्या अंगावरून "सॉरी, सॉरी" करत इकडून तिकडे जायचो. ती बोलायची नाही. मी विचारायची, चहा? ती म्हणायची, हो. एवढंच. मला वाटायचं, हिला वडिलांची बोट मिळाली आहे, ही तिच्या सुखात आहे, आपण मधे कशाला बोलायचं.

फेब्रुवारीत एक दिवस बर्फ पडायला लागलं ते थांबेना. सकाळीच वीज गेली. बोटीभोवती बर्फ धरू नये म्हणून पाण्याखाली हवा सोडणारं एक यंत्र होतं, तेही बंद पडलं. शाळेतून फोन आला की मुलांना लवकर सोडतोय. नात एका मैत्रिणीकडे गेली. मुलाचा फोन आला, "आई, फ्लाइट कॅन्सल झालीय, उद्या बघतो." सून लांब बांबूसारखी काठी घेऊन बाहेर गेली आणि बोटीच्या कडेनं धरलेला बर्फ फोडायला लागली. आतून तो आवाज मी ऐकत होते. ठक, ठक, ठक. दुपार अशीच गेली. मग आवाज थांबला आणि बराच वेळ ती आत आली नाही. मी दार ढकलून बघितलं, तर ती मागच्या पायरीवर बसली होती, हातमोजे भिजलेले, काठी पाण्यात पडलेली.

मी तिला आत ओढलं. सोलापुरी चादर तिच्याभोवती गुंडाळली आणि आलं टाकून चहा केला. तिनं दोन्ही हातांत कप धरला आणि शेगडीकडे बघत म्हणाली, "आय हेट धिस बोट."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"मला ही बोट आवडत नाही, आई. पहिल्या दिवसापासून नाही."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला आवडली म्हणून! तुम्ही 'छान' म्हणालात. तुम्ही पडदे शिवलेत. तुम्ही एकदाही तक्रार केली नाहीत. मला वाटलं, या वयात ही बाई एवढं करते आणि मी रडत बसू?"

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मलाही नाही आवडत."

मग तिला हसू फुटलं आणि मला तिचं बघून. अंधारलेल्या बोटीत, बाहेर बर्फ पडत असताना, दोघी पोट धरधरून हसलो. हसता हसता ती कधी रडायला लागली ते कळलं नाही. मग ती बोलली. तीन वर्षांत बोलली नव्हती तेवढं त्या एका बैठकीत. तिची आई गेल्यावर वडिलांना घरात बसवेना, म्हणून त्यांनी ती बोट आणली. सकाळी उठून बोटीत जायचे ते संध्याकाळी झोपायलाच घरात यायचे. "त्यांनी या बोटीत एक रात्रसुद्धा काढली नाही, आई. त्यांना कुठंही जायचं नव्हतं. त्यांना नुसतं हातांना काम हवं होतं. मी दर रविवारी फोन करायची आणि ते म्हणायचे, आज खिडकी बसवली, आज नळ बसवला. मला वाटायचं, मजेत आहेत."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आमच्या घरात असं कुणी कुणाला जवळ घ्यायची पद्धत नव्हती, पण तिथं अंतर ठेवायला जागाही नव्हती.

संध्याकाळी वीज आली. आमचं ठरलं, मुलगा आला की दोघींनी मिळून त्याला सांगायचं. ती सांगेल, मी मान हलवीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. फाटकापासून बर्फ तुडवत, बॅग ओढत. बोटीवर चढला, टपावर हात थोपटला आणि आत वाकून म्हणाला, "घरी आलो बाबा एकदाचा!" बूट काढले, शेगडीपाशी पाय पसरले, आणि त्याचे डोळे आपोआप मिटले. चेहऱ्यावर एवढं समाधान मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग ती त्याचे ओले मोजे वाळत टाकायला उठली आणि मी चहा ठेवला.

ते शेवटी नातीनं सांगितलं. मे महिन्यात कालव्यात पाणी सोडलं आणि मुलगा जेवताना यंदा कुठवर जायचं ते बोलायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येणार. माझी शाळा इथं आहे." रागानं नाही, आदळआपट नाही. पुढं तिनं भाताचा घास घेतला. मुलानं आमच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी ताटात बघायला लागलो. त्याला तेवढं पुरलं.

आम्ही त्याच गावात भाड्यानं घर घेतलं. साधं, दोन मजली, लाकडी. सुनेला दातांच्या दवाखान्यात काम मिळालं. ती आता संध्याकाळी येऊन दिवसभराचं सांगते, कुणाचा दात कसा होता इथपर्यंत. बोट धक्क्यालाच होती. मुलगा शनिवार-रविवार तिकडे जायचा. राहिलेली पिवळी रेघ त्यानं पुरी केली. अल्फारेटाचं काम चालूच होतं. मी कधी त्याच्याबरोबर बोटीवर जायची, पण तासाभरानं मला परत यावंसं वाटायचं आणि त्याला ते कळायचं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात एका तरुण जोडप्यानं बोट मागितली आणि सुनेनं हो म्हटलं.

ते जोडपं बोट घेऊन गेलं त्या शनिवारी सकाळी मी पोहे केले होते. मुलगा चाव्या द्यायला म्हणून गेला तो दुपार झाली तरी आला नाही. सून नातीला पोहायला घेऊन गेली होती. दोनच्या सुमाराला तो आला आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसला.

"गेले?" मी विचारलं.

"सकाळीच गेले. मी पुलावर उभा होतो. दिसेनाशी व्हायला फार वेळ लागतो गं." मग म्हणाला, "आई, तू तिथं सुखात नव्हतीस ना?"

आता लपवण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "नव्हते रे. एकटं वाटायचं फार."

"एकटं?" त्याला खरंच नवल वाटलं. "मला आयुष्यात त्या एकाच ठिकाणी एकटं वाटलं नाही. अल्फारेटाला हॉटेलच्या खोलीत इतकं शांत असतं की मी टीव्ही लावून झोपतो. बोटीवर झोपलो की तुम्ही तिघी ऐकू यायचात. तू कूस बदललीस तरी कळायचं. मला वाटायचं, आता सगळे आहेत इथं. आता झोपायला हरकत नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. केस पिकायला लागले होते. एवढे महिने तो त्या टोकाला झोपून आमचे श्वास ऐकत होता आणि मी या टोकाला जागी होते, हे मला कधी कळलंच नाही.

"जेवला नाहीस ना?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. पोहे सकाळचे, कोरडे पडले होते. मी त्यांवर पाण्याचा हबका मारला, गॅस बारीक केला आणि झाकण ठेवून वाफ यायची वाट बघत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.